पंखा मिळतो, वीजबिल मिळत नाही

रमजानचे दिवस म्हणजे आमच्याकडे हिशेबाच्या वह्या उघडण्याचे दिवस. वर्षभराची शिल्लक, घरातले सोने-चांदी, दुकानातला माल हे सगळे मोजून त्याचा अडीच टक्के भाग जकात म्हणून बाजूला काढायचा असतो. फितऱ्याची रक्कम मशिदीच्या फळ्यावर लागते, रेशनच्या किटची यादी होते, कुठे शिलाई मशीन दिले जाते. आता हे मुस्लिमेतर वाचकांनाही नवे राहिलेले नाही. आमच्या स्टाफरूममध्येच ‘मॅडम, यंदा फितरा किती?’ असे विचारणारे दोघे-तिघे आहेत. म्हणून आज देण्याच्या दुसऱ्या एका रिवाजाविषयी लिहिते. तो आपल्या सगळ्यांचा मिळून आहे आणि त्याच्याविषयी फोटोखालच्या दोन ओळींपलीकडे कुणी काही लिहीत नाही. तो रिवाज म्हणजे सेवाभावी क्लबांची छोटी अनुदाने.

रोटरी, लायन्स, जायंट्स, जेसीज, इनर व्हील. आपल्याएवढ्या शहरात यांपैकी एखादा तरी क्लब असतोच. डॉक्टर, वकील, बिल्डर, व्यापारी आठवड्या-पंधरवड्याला भेटतात, वर्गणी काढतात, एखादा नाट्यप्रयोग लावून निधी उभा करतात आणि वर्षाकाठी काही स्थानिक संस्थांना दहा हजार, पंचवीस हजार, फार तर पन्नास हजार रुपये देतात. हे लोक स्वतःच्या खिशातून आणि स्वतःच्या वेळातून हे करतात, त्याची थट्टा करण्यासाठी हा लेख नाही. पण अलीकडे अशा अनुदानाच्या अर्जांवर एक नवा शब्द दिसू लागला आहे: समन्याय. शब्द मोठा आहे. तो अर्जावर छापला की अनुदान देण्याची जुनी पद्धत तशीच ठेवता येत नाही, एवढेच मला सांगायचे आहे.

हा शब्द मराठीत अजून रुळलेला नाही. समता म्हटले की सगळ्यांना सारखे, असा अर्थ आपण धरतो. उर्दूत बराबरी आणि इन्साफ असे दोन वेगळे शब्द आहेत. गंमत म्हणजे ‘इन्साफ’ आला तो ‘निस्फ’ म्हणजे अर्धा या शब्दाच्याच धातूतून. माप घेऊन वाटण्याचा अर्थ त्यात मुळातच आहे. पण वापरात बराबरी म्हणजे सर्वांना सारखे आणि इन्साफ म्हणजे ज्याचे जेवढे अडले आहे तेवढे. वर्गातल्या चाळीस मुलींना एकेक वही देणे ही बराबरी. त्यातल्या ज्या मुलीला संध्याकाळी घरी बसायला जागा नाही तिच्यासाठी जागा करणे हा इन्साफ. वहीचे बिल दुकानदार देतो. जागेचे, वेळेचे आणि शिकवणाऱ्या माणसाचे बिल कोण देणार, या प्रश्नाशी गाडी अडते.

शहरातल्या एका क्लबाने अनुदानासाठी आलेले अर्ज निवडायला बाहेरचे सदस्य म्हणून दोन वर्षे काही प्राध्यापकांना बोलावले, त्यात मी होते. क्लबाचे नाव सांगण्याचे कारण नाही. जे पाहिले ते दुसऱ्या कुठल्याही क्लबात दिसले असते. माणसे सज्जन होती, चहा वेळेवर येत होता आणि अर्ज खरोखर वाचले जात होते.

एक अर्ज मुलींच्या अभ्यासिकेचा होता. यंत्रमाग कामगारांच्या वस्तीत, एका दुकानावरच्या दोन खोल्यांत मोहल्ल्यातल्याच बायकांनी ती चालवली आहे. आठवी ते दहावीच्या चाळीसेक मुली तिथे येतात. बहुतेकींच्या घरी एकच खोली, त्यातच स्वयंपाक, त्यातच आईचे कांड्या भरण्याचे काम. गणित शिकवायला बी.एस्सी. झालेली मोहल्ल्यातलीच एक मुलगी होती, तिला महिन्याला साडेतीन हजार रुपये मिळत. अर्जात मागणी सरळ होती: या मुलीचे वर्षाचे मानधन आणि खोल्यांचे भाडे यासाठी हातभार.

समितीतले एक ज्येष्ठ सदस्य अर्ज घेऊन आलेल्या खालांना फार प्रेमाने म्हणाले, “ताई, तुमचं काम चांगलं आहे. पण बिल लावता येईल असं काहीतरी मागा.” खालांनी थोडा विचार केला आणि पंखे मागितले. काही दिवसांनी चार पंखे आले. प्रत्येकाच्या मधल्या वाटीवर क्लबाचे चिन्ह असलेला स्टिकर होता. मुलींना रांगेत उभे करून फोटो झाला आणि तो पेपरात आलाही. उन्हाळ्यात पंखे चारही चालवले तर वीजबिल परवडेना, म्हणून दोनच चालवायचे असे ठरले. सप्टेंबरमध्ये गणिताच्या बाजीला कापडाच्या दुकानात आठ हजारांची नोकरी लागली. ती गेली याबद्दल तिला कुणी बोल लावू नये. तिच्याही घरी खाणारी तोंडे आहेत. दिवाळीच्या सुट्टीनंतर नववी-दहावीतल्या आठ मुली अभ्यासिकेत परतल्या नाहीत. गणित नाही तर यायचे कशाला, असे त्यांच्या घरच्यांचे म्हणणे पडले. त्यातल्या दोघी आता आईबरोबर कांड्या भरतात. पंखे अजून उत्तम चालू स्थितीत आहेत.

दुसरा अर्ज कचरा वेचणाऱ्या महिलांच्या गटाचा होता. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांत कचरावेचकांना ओळख देण्याची आणि त्यांना शहराच्या व्यवस्थेत सामावून घेण्याची तरतूद होती. कागदावर आहे ते हातात पडायचे तर कार्यालयात खेटे घालावे लागतात. एक खेटा म्हणजे एका दिवसाचा खाडा, खाडा म्हणजे त्या दिवशी चूल अर्धी. गटाला हवे होते ते एवढेच: कार्यालयात जाणाऱ्या दोन बायकांचा रिक्षाचा खर्च आणि खाड्याचे पैसे. त्यांना मिळाले हातमोजे आणि पाठीवर क्लबाचे नाव असलेले ॲप्रन. हातमोजे कामाचे होते, नाही असे नाही. पण ओळखपत्राचे काम जिथे होते तिथेच राहिले, कारण खाड्याची पावती कुठलाच दुकानदार देत नाही.

असे का होते, याची कारणे दुष्टपणात शोधू नयेत. एक कारण तर पंचांगाचे आहे. रोटरी आणि लायन्स या दोन्ही ठिकाणी वर्ष १ जुलैला सुरू होते आणि ३० जूनला संपते. दरवर्षी नवा अध्यक्ष, नवे घोषवाक्य, नवा प्रकल्प. अध्यक्षांना बारा महिन्यांत काहीतरी उभे करून दाखवायचे असते आणि वस्तू चटकन उभी राहते. आठवीतली मुलगी दहावी होईपर्यंत मात्र तीन अध्यक्ष होऊन जातात.

दुसरे कारण नियमांचे. रोटरीपुरते बोलायचे तर रोटरी फाउंडेशनच्या अनुदानाच्या अटींमध्ये दुसऱ्या संस्थेचा चालू आणि प्रशासकीय खर्च बसत नाही, विनाअट रोख देणगीही बसत नाही. जगभर पसरलेल्या संस्थेने पैशाचा माग ठेवायचा म्हणून केलेले हे नियम समजण्यासारखे आहेत. पण क्लबाच्या सभासदांनी गावातच जमवलेला पैसा त्या अटींनी बांधलेला नसतो. तो कशावर खर्च करायचा हे क्लब आपल्या बैठकीत ठरवू शकतो. व्यवहारात मात्र वरच्या नियमांची सवय खालच्या पैशालाही लागते, आणि ‘पगाराला देत नाही’ हा जणू कायदाच आहे अशा थाटात सांगितले जाते.

रोटरीचा स्वतःचा इतिहास याहून मोकळा आहे. १९१७ साली आर्च क्लम्फ यांनी जगात चांगले काम करण्यासाठी कायमचा निधी असावा अशी कल्पना मांडली. त्यात पहिली देणगी आली ती अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीच्या क्लबाकडून, साडेसव्वीस डॉलरची. या निधीतून पहिले अनुदान गेले १९३० मध्ये, ५०० डॉलरचे, अपंग मुलांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेला. ती संस्था उभी करणारे एडगर ॲलन हे ओहायो राज्यातल्या एलिरिया गावचे. १९०७ साली ट्रामच्या अपघातात त्यांचा मुलगा गेला, गावात पुरेसे रुग्णालय नव्हते. आधी रुग्णालय आणि मग अपंग मुलांसाठीची संस्था, असे त्यांचे काम वाढत गेले. हीच संस्था पुढे ईस्टरसील्स या नावाने अमेरिकाभर पसरली. पुढे एवढी मोठी होणारी संस्था रोटरीच्या पहिल्या छोट्या अनुदानाची मानकरी होती, हे आपल्याकडच्या क्लबांनी जरूर आठवावे.

आणि पोलिओ? क्लबवाल्यांना ज्या कामाचा सर्वांत जास्त अभिमान आहे आणि तो असायलाच हवा, ते हे काम. भारतातला शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये हावड्यात सापडला आणि २७ मार्च २०१४ ला आपला भाग पोलिओमुक्त जाहीर झाला. डोस शीतपेटीतून आले, पण पश्चिम उत्तर प्रदेशातल्या ज्या मोहल्ल्यांत दारे बंद होत होती तिथली दारे पेटीने उघडली नाहीत. रोटरीने उलेमांची समिती केली, मौलानांनी मशिदीतून आवाहन केले. युनिसेफने मोहल्ल्यातल्याच माणसांचे, त्यातही मोठ्या संख्येने बायकांचे जाळे उभे केले. त्या घरोघर जाऊन आयांशी बोलत, पुन्हा पुन्हा बोलत. त्यांना त्या कामाचे मानधन मिळत होते. मानधनाला पैसा नाही, फक्त शीतपेटीला देऊ, असे तेव्हा कुणी म्हटले असते तर काय झाले असते याचा विचार करून पाहावा. माणसाच्या श्रमाला पैसा लागतो हे या मंडळींना ठाऊक आहे. फक्त गावातल्या खोलीवरच्या अभ्यासिकेपर्यंत येता येता त्याचा विसर पडतो.

एरवी कुणी म्हणेल, छोट्या गटांनी मोठ्या दाराशी जावे. कंपन्यांचा सीएसआर आहे, परदेशी निधी आहे. पण ती दारे या गटांना बंद आहेत. १ एप्रिल २०२१ पासून सीएसआरचा पैसा घेऊन काम करणाऱ्या संस्थेला सीएसआर-१ हा अर्ज भरून नोंदणी करावी लागते, त्यासाठी आयकर कायद्याखालची १२ए आणि ८०जी ही नोंदणीही हवी. परदेशी निधीच्या कायद्यात २०२० मध्ये दुरुस्ती झाली. तेव्हापासून असा निधी मिळालेल्या मोठ्या संस्थेला तो लहान संस्थेकडे पुढे देता येत नाही, आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. पूर्वी मुंबई-पुण्याची एखादी मोठी संस्था आपल्याकडच्या पाच बायकांच्या गटाला थोडे पैसे पुढे देऊ शकत असे, तो झरा आटला. म्हणजे अशा गटाला आता गावातल्याच माणसांचा आधार. त्यात क्लब महत्त्वाचा, कारण त्याच्याकडे थोडा का होईना, मोकळा पैसा आहे. आणि नेमका तोच क्लब अर्जासोबत तीन वर्षांचा ताळेबंद आणि ८०जीचे प्रमाणपत्र मागतो.

या बाबतीत मला जकातीतली एक तरतूद फार मोलाची वाटते. जकात कुणाला द्यायची याचे आठ वर्ग कुरआनच्या सूरह तौबामध्ये सांगितले आहेत. पहिले दोन गरिबांचे आहेत, फकीर आणि मिस्कीन. आणि लगेच तिसरा वर्ग आहे ‘आमिलीन’ यांचा, म्हणजे जकात गोळा करण्याचे आणि वाटण्याचे काम करणाऱ्यांचा. कर्जदार आणि मुसाफिर यांच्याही आधी. जाणकार असेही सांगतात की हा माणूस स्वतः गरीब असलाच पाहिजे असे नाही, कारण त्याला मिळते ती खैरात नव्हे, कामाची मजुरी असते. आता फिक्हच्या बारकाव्यात गेले तर हा वर्ग जकातीच्या व्यवस्थेपुरता आहे, तो उचलून कुठल्याही संस्थेच्या कर्मचाऱ्याला लावता येणार नाही, हे मला माहीत आहे आणि तसे मी सुचवतही नाही. मला त्यातली व्यावहारिक समज दाखवायची आहे. गरिबापर्यंत मदत पोचवणारा माणूस हवेवर जगत नाही, हे तिथे मोघम ठेवलेले नाही, त्याचा वेगळा वर्गच केला आहे.

आम्ही मुसलमान तरी ही समज पाळतो का? फारशी नाही. मोहल्ल्यात शिलाई मशीन देण्याची हौस दांडगी, पण सहा महिने शिवणकाम शिकवणाऱ्या बाईला सदक्यातून पगार द्या म्हटले की लोक घड्याळ बघतात. क्लबाच्या चुका क्लबाच्याच आहेत असे नाही.

आणि मराठी मातीत तर याचे उत्तर शंभर वर्षांपूर्वीच दिले गेले आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी ४ ऑक्टोबर १९१९ ला कराड तालुक्यातल्या काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली. त्यांच्या वसतिगृहांसाठी बायाबापड्या दळणातले मूठभर धान्य बाजूला काढून ठेवत, तोच मुष्टीफंड. त्या मुठीवर कुणाचे नाव कोरलेले नव्हते. ती सरळ भाकरीत गेली, म्हणजे आजच्या भाषेत चालू खर्चात गेली. साताऱ्याच्या वसतिगृहात सर्व जातिधर्मांची मुले एका पंगतीला बसली, ती या धान्याच्या जोरावर. पंगतीसाठी ताटे लागतात हे खरे, पण रोज चूल पेटवणारा माणूस आधी लागतो.

मग पैसे खाल्ले गेले तर? हा प्रश्न समितीत दर वेळी येतो आणि तो रास्त आहे. सार्वजनिक पैशाचा हिशेब मागितलाच पाहिजे. पण वस्तूचे बिल म्हणजे प्रामाणिकपणा आणि मानधनाची सही म्हणजे संशय, हे समीकरण कुणी ठरवले? फुगवलेले बिल आणणे किती सोपे असते हे समितीत बसलेल्या व्यापाऱ्यांना माझ्यापेक्षा अधिक कळते. मानधन थेट शिकवणाऱ्या मुलीच्या बँक खात्यात जाऊ शकते. हजेरीची वही कुणीही सदस्य संध्याकाळी सात वाजता जाऊन पाहू शकतो. पाचशे मीटरवर तर ती अभ्यासिका आहे. स्थानिक क्लबाला जे सहज शक्य आहे, ते दिल्लीत किंवा शिकागोत बसलेल्याला कधीच शक्य नाही: जिना चढून वर जाणे.

पंचवीस हजारांचे गणितही मांडून पाहावे. साडेतीन हजारांप्रमाणे त्यात एका शिक्षिकेचे सात महिने निघतात. दुसऱ्या एका क्लबाने किंवा मोहल्ल्याने उरलेले पाच महिने उचलले तर वर्ष पुरे. साडेतीन हजार हे मानधन मुळातच लाजिरवाणे आहे, ते वाढवावे लागेल, ती गोष्ट निराळी. पण एकाच गटाला सलग तीन वर्षे द्यायचे असे पहिल्याच बैठकीत ठरवले तर पुढच्या अध्यक्षांचेही हात थोडे बांधले जातील. तसे ते बांधलेले बरे.

निवड करणाऱ्या टेबलाभोवती कोण बसते, हाही प्रश्न आहेच. रोटरीत स्त्रियांना सभासद होता येत नव्हते. कॅलिफोर्नियातल्या दुआर्ते या छोट्या गावच्या क्लबाने तीन स्त्रियांना घेतले म्हणून त्या क्लबाची मान्यता काढली गेली. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, १९८७ मध्ये निकाल क्लबाच्या बाजूने लागला आणि १९८९ मध्ये रोटरीने जगभरासाठी पुरुषांचीच अट काढून टाकली. त्या तीन स्त्रिया आत नसत्या तर बाहेरच्या स्त्रियांविषयी कितीही कळकळीने बोलणे झाले असते, अट तशीच राहिली असती. आपल्या समितीत आम्ही प्राध्यापक होतो, डॉक्टर होते, एक सनदी लेखापाल होते. कचरा वेचणारी किंवा कांड्या भरणारी एकही बाई नव्हती. अशी एक जण तिथे असती तर ‘बिल लावता येईल असं मागा’ या वाक्याला तिने जागच्या जागी उत्तर दिले असते, असे मला वाटते. ती बैठकीला आली तर तिच्या खाड्याचे पैसे द्यावे लागतील, हेही ओघाने आलेच. क्लबाची पहिली सवय तिथूनच मोडेल.

यंदाही रमजान आणि दहावीची परीक्षा एकत्र आली आहे. अभ्यासिकेतल्या मुली सहेरी करून पहाटेच पुस्तके घेऊन बसतात, कारण संध्याकाळ इफ्तारच्या तयारीत जाते. गणिताला सध्या माझ्या कॉलेजमधली तिसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी आठवड्यातून दोनदा जाते, पैसे न घेता. जूनपासून तिला नोकरी शोधायची आहे, तसे तिने सांगून ठेवले आहे. १ जुलैला नवे अध्यक्ष सूत्रे घेतील, जुलैअखेर अर्ज मागवले जातील. खाला विचारत होत्या, यंदा अर्जात काय लिहू. मी म्हटले, पुन्हा तेच लिहा: गणिताच्या शिक्षिकेचे मानधन, बारा महिने.